ओक्लाहोमाची बावीस मुलं आणि मामांच्या सोसायटीतला फ्लॅट

मामांच्या सोसायटीत एका कुटुंबाला फ्लॅट भाड्याने द्यायचा की नाही, यावर बैठक व्हायची आहे. त्याआधीच मामांनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, वर शेरा: 'आता हे शास्त्रानेच सिद्ध झालंय.' आशय असा: १९५४ साली हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या धर्मांची २२ मुलं जंगलात सोडली, त्यांच्या आपोआप दोन टोळ्या झाल्या, त्या एकमेकींच्या जिवावर उठल्या, प्रयोग अर्ध्यात गुंडाळावा लागला. म्हणून 'आपल्या' इमारतीत 'आपलीच' माणसं ठेवा.

वर्ष बरोबर आहे, मुलांचा आकडाही. पुढे सगळी बोंब.

हार्वर्डचं आधी उरकतो. हा प्रयोग करणारे समाजमानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ तिथे शिकले होते, पण प्रयोग केला तेव्हा ते अमेरिकेतल्याच ओक्लाहोमा विद्यापीठात होते. 'जंगल' म्हणजे त्याच राज्यातल्या रॉबर्स केव्ह उद्यानातलं उन्हाळी शिबिर, जेवणघरासकट.

'वेगवेगळ्या धर्मांची' हे वाचून मात्र डोकं फिरतं. शेरीफ यांनी मुलं मुद्दाम एकसारखी निवडली होती: सगळी गोरी, सगळी प्रोटेस्टंट, सगळी मध्यमवर्गीय, सगळी अकराच्या आसपासची. काहीही फरक नसताना भांडण पेटवता येतं का, हेच त्यांना पाहायचं होतं. पेटवता आलं. म्हणजे धर्माचा भेद ज्यातून आधीच काढून टाकला होता, त्या प्रयोगाच्या नावावर हे लोक धर्मांबद्दल निकाल देतायत! बरं, प्रयोग प्रमाण मानलाच, तर 'आपलीच माणसं' भरून काय साधणार? ओक्लाहोमात आपलीच होती की. ती भांडली. मामांच्याच सोसायटीत ए विंग आणि बी विंग पार्किंगवरून एकमेकांशी बोलत नाहीत, आणि दोन्हीकडची आडनावं एकाच पंगतीतली.

टोळ्याही आपोआप झाल्या नाहीत. गट संशोधकांनी पाडले, त्यांना वेगवेगळ्या बसने आणलं आणि सुरुवातीचे काही दिवस एकमेकांचा पत्ता लागू दिला नाही. मग स्पर्धा लावल्या. बेसबॉल, रस्सीखेच, जिंकणाऱ्यांना पदकं आणि खिशातले चाकू, हरणाऱ्यांना काही नाही. त्यानंतर झेंडा जाळला गेला, रात्री एकमेकांच्या खोल्यांवर धाडी पडल्या, मोज्यांत दगड भरून तयारी झाली. हे खरं आहे.

पण प्रयोग तिथे थांबला नाही. शेरीफ यांचा स्वतःचा अहवाल उपलब्ध आहे, त्यातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा यानंतरचाच. संशोधकांनी शिबिराचं पाणी अडवलं, आणि दोन्ही गटांना मिळून टाकीपासून बिघाड शोधावा लागला. सिनेमा मागवायला वर्गणी एकत्र काढावी लागली. जेवण आणणारा ट्रक बंद पडला, तेव्हा ज्या दोराने रस्सीखेच झाली होती त्याच दोराने सगळ्यांनी मिळून तो ओढला. परतताना बहुतेकांनी एकाच बसमधून जायचं ठरवलं, आणि वाटेत एका गटाने आपल्या बक्षिसाच्या पाच डॉलरमधून सगळ्यांना पेय पाजलं. फॉरवर्डवाल्याला नेमका एवढाच भाग दिसला नाही.

अर्ध्यात गुंडाळलेला प्रयोगही आहे, शेरीफ यांचाच, पण तो १९५३चा, न्यूयॉर्क राज्यातल्या मिडल ग्रोव्हचा. तिथे मुलांची आधी मैत्री होऊ दिली आणि मग त्यांना दोन गटांत फोडलं. संशोधकांच्या माणसांनी गुपचूप खोड्या काढल्या, आळ दुसऱ्या गटावर यावा म्हणून. मुलांनी आपसात बोलून संशय मोठ्यांवरच घेतला. भांडण काही पेटेना, म्हणून प्रयोग बंद! लेखिका जीना पेरी यांनी जुनी कागदपत्रं उकरून २०१८च्या पुस्तकात हे सविस्तर मांडलंय. त्यात शेरीफ यांची अब्रूही फारशी उरत नाही, ते असो.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, नाइलाजाने. माणूस आपल्या गटाला झुकतं माप देतो. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७०च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना पडद्यावरचे ठिपके मोजायला लावले आणि त्यावरून तुम्ही अमुक गटाचे, असं नुसतं सांगितलं. तेवढ्यावर मुलं पैसे वाटताना आपल्या गटाकडे झुकली. आणि नुसतं शेजारी बसवून काही होत नाही, हेही ओक्लाहोमात दिसलं. एकत्र जेवायला घातलं तर पोरांनी एकमेकांवर अन्न फेकलं. 'एकत्र आणा, प्रेम आपोआप वाढेल' म्हणणारेही तेवढेच भाबडे.

पण त्यावरचा उपाय वेगळं राहणं नव्हे. मामा ठाण्यात राहतात, त्यांना ओक्लाहोमापर्यंत जायची गरजच नव्हती. शेजारच्या भिवंडीत १९७० आणि १९८४ला भीषण हिंदू-मुस्लिम दंगली झाल्या. १९८८ नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं नियमित एकत्र बसून गल्लीतल्या बारीकसारीक तक्रारी सोडवू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. पोलिसांचा धाक होता म्हणून, असं कुणी म्हणेल. पोलीस मुंबईतही होतेच.