टीडीएस आठ आला म्हणून डायलिसिसचं पाणी जंतुमुक्त होत नाही

बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: "डायलिसिसच्या इन्फेक्शनचा बाऊ करू नका. पाणी घरच्या आरओसारखंच असतं, टीडीएस १० च्या आत म्हणजे जंतू शून्य. हुडहुडी भरते ती एसीमुळे, ब्लँकेट न्या. मशीन दर पेशंटनंतर हायपोने (क्लोरीनच्या जंतुनाशकाने) धुतात, सिस्टर हातमोजे घालतात, हिपॅटायटिसवाल्यांचं मशीन वेगळं असतं. आणखी काय पाहिजे?"

लिहिणाऱ्याचा हेतू धीर देण्याचा दिसतो. घाबरून डायलिसिस चुकवण्यापेक्षा तो धीर परवडला, हे कबूल. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धवट आहे आणि टीडीएसचं तर सपशेल चूक.

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. जंतू हे काही क्षार नव्हेत. त्याहून त्रासदायक असतं एंडोटॉक्सिन, म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह गटातल्या जंतूंच्या आवरणाचा तुकडा, जो रक्तात गेला की हुडहुडी भरते. डायलिसिसच्या पाण्यात त्याची मर्यादा मिलिलिटरला ०.२५ युनिट. एक युनिट ढोबळमानाने ०.१ नॅनोग्रॅम धरलं तर ही मर्यादा लिटरमागे ०.००००२५ मिलिग्रॅम होते. मीटरवरचा सगळ्यात छोटा आकडा १ मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या ४०,००० पट! डाळ-तांदूळ तोलायच्या काट्यावर केसर तोलण्यातला प्रकार. टीडीएस ८ दिसला तर आरओचं मेम्ब्रेन, म्हणजे गाळणारा पडदा, क्षार अडवतंय एवढंच कळलं.

एवढ्या बारीक आकड्यांचा बडेजाव का, तर मिनिटाला ५०० मिलिलिटर या वेगाने चार तासांत १२० लिटर द्रव, म्हणजे या पाण्यापासून बनवलेलं डायलिसेट, रक्ताशेजारून जातो. मध्ये फक्त डायलायझरच्या, म्हणजे रक्त गाळणाऱ्या फिल्टरच्या, धाग्याची पातळ भिंत. पिण्याच्या पाण्याला पोटातलं आम्ल आणि आतड्याचा पहारा असतो, इथे त्यातलं काहीच नाही. म्हणून "घरच्या आरओसारखंच" हे वाक्यही टिकत नाही.

आता आरओच्या पलीकडे काय होतं ते बघा. पाण्याचा रस्ता असा: वाळूचा फिल्टर, सॉफ्टनर, कार्बनच्या दोन टाक्या, ५ मायक्रॉनचा फिल्टर, आरओ मेम्ब्रेन, साठवण टाकी आणि तिथून सगळ्या मशीनना जाणारी गोल पाइपलाइन, म्हणजे लूप. क्लोरीन आणि क्लोरामाइन काढायचं काम कार्बनचं. ते काढावंच लागतं, कारण क्लोरामाइन मेम्ब्रेनमधून निसटतं आणि रक्तातल्या लाल पेशी फोडतं. एकूण क्लोरीनची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम. प्लांट पंधरा मिनिटं चालल्यावर कार्बनच्या पहिल्या टाकीनंतरच्या नळावर हे तपासायचं, तेही प्रत्येक शिफ्ट सुरू होण्याआधी. पहिल्या टाकीनंतर जास्त निघालं तर दुसरीनंतर बघायचं, तिथेही जास्त असेल तर डायलिसिस थांबवायचं. आपल्याकडे बडोद्यात आजवा तलाव काय, मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरी काय, पावसाळ्यात पाणी गढुळलं की क्लोरीनचा डोस वाढतो आणि काल पुरलेला कार्बन आज पुरत नाही. रजिस्टरमध्ये महिनाभर एकाच पेनने "निल, निल, निल" लिहिलेलं दिसलं तर शंका घ्यावी.

पण क्लोरीन गेलं की पाण्याचा राखणदारही गेला. महापालिकेच्या नळाला थोडंफार संरक्षण असतं, आरओच्या पाण्याला अजिबात नसतं. स्यूडोमोनास, बर्कहोल्डेरिया यांच्यासारख्या पाण्यातल्या जंतूंना जगायला फारसं अन्नही लागत नाही. साचलेल्या शुद्ध पाण्यात ते दोन दिवसांत मिलिलिटरला लाखावर जातात. रविवारी डायलिसिस युनिट बंद असतं, लूपमधलं पाणी जागच्या जागी उभं राहतं आणि सोमवारची पहिली शिफ्ट त्याच पाण्यावर लागते. पाइपचा एखादा बंद फाटा, सपाट तळाची टाकी, सैल झाकण, टाकीच्या हवेच्या नळीवर ०.२ मायक्रॉनचा फिल्टर नसणं, अशा जागी आधी बुळबुळीत थर धरतो. त्यालाच बायोफिल्म म्हणतात. पाण्यात मिसळलेलं औषध या थराच्या वरच्या पापुद्र्यापर्यंतच पोचतं. म्हणून लूपचं निर्जंतुकीकरण ठरल्या तारखेला करायचं, निदान महिन्यातून एकदा. जंतू वाढल्याचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नाही.

डायलिसेट बनवायला पाण्यात ए पार्ट आणि बी पार्ट अशी दोन दाट द्रावणं मिसळतात. त्यातला बायकार्बोनेटचा बी पार्ट विसरू नका. ए पार्ट आम्लधर्मी असतो, त्यात जंतू टिकत नाहीत. बी पार्टमध्ये मजेत वाढतात. तो रोज ताजा करायचा आणि २४ तासांत संपवायचा, उरला तर ओतून द्यायचा. संध्याकाळी कॅन आरओच्या पाण्याने खंगाळून उपडा ठेवायचा. कालच्या उरलेल्यात आजचा भर घालणं म्हणजे विरजण लावणं.

पाण्याच्या कल्चरचा (जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट "नो ग्रोथ" आला म्हणून मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी तो रिपोर्ट एकदा नीट वाचावा. पाण्यातले जंतू उपाशी आणि मंद असतात. लघवीच्या कल्चरसारखं ब्लड अगार या पौष्टिक माध्यमावर, ३७ अंशांना, ४८ तास ठेवलं तर त्यातले बरेच दिसतच नाहीत. आर-टू-ए नावाचं पातळ माध्यम, १७ ते २३ अंश आणि सात दिवस ही त्यांची खरी परीक्षा. मर्यादा मिलिलिटरला जंतूंच्या १०० वसाहती (कॉलनी), पण ५० झाल्या की हालचाल सुरू करायची. नमुना घ्यायच्या आधी नळ मिनिटभर सोडायचा, लूपच्या शेवटच्या टोकाचा नमुना हवाच, आणि तो निर्जंतुकीकरणाच्या आधी घ्यायचा. आदल्या रात्री औषध फिरवून सकाळी घेतलेला नमुना फक्त औषधाचं कौतुक सांगतो.

राहता राहिला, गाळलं की सगळं निघतं या समजुतीचा प्रश्न. १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू गावी एका डायलिसिस केंद्रात जलाशयाचं अर्धवट शुद्ध केलेलं पाणी टँकरने येत होतं. त्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष थकलेल्या कार्बनमधून आणि पुढच्या सगळ्या फिल्टरमधून पार गेलं. यकृत निकामी होऊन ५० हून जास्त पेशंट दगावले. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या युनिटांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

हुडहुडी. एसीची थंडी ब्लँकेटने जाते आणि ताप चढत नाही. डायलिसेटचं तापमान मुद्दाम कमी ठेवलं असेल तरीही गार वाटतं, हेही खरं. पण बसताना ताप नव्हता आणि तासाभरात दात वाजायला लागले, ताप ३७.८ च्या वर गेला, तर ब्लँकेट हे उत्तर नाही. एकाच शिफ्टमध्ये दोघा-तिघांना झालं तर आधी पाण्यावर आणि बी पार्टवर संशय घ्यायचा, दोन्हींचे नमुने त्याच दिवशी उचलायचे. मानेच्या शिरेत कॅथेटर (नळी) असलेल्या एकट्याला झालं तर आधी कॅथेटरवर. अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर जायला हवं. एव्हिल-हायड्रोकॉर्टच्या इंजेक्शनांनी कापरं थांबतं, कारण तसंच राहतं, आणि त्याची नोंदही बहुधा होत नाही. पेशंटने "थंडी वाजली" एवढं सांगू नये, किती वाजता वाजली तेही सांगावं.

हायपोबद्दल मेसेजमध्ये दोन गोष्टींची खिचडी झाली आहे. मशीनच्या आत फिरवायचं औषध वेगळं, बाहेरून पुसायचं वेगळं. आत बायकार्बोनेटमुळे चुन्याचा थर बसतो, तो हायपोने निघत नाही. त्याला सायट्रिक किंवा अॅसेटिक अॅसिड लागतं. दोन्हींच्या मध्ये नीट रिन्स हवा, नाहीतर क्लोरीन वायू सुटतो. शिवाय भिंतीतल्या पाइपपासून मशीनपर्यंत येणारी नळी मशीनच्या नेहमीच्या सायकलमध्ये येतच नाही, ती लूपबरोबर स्वच्छ करावी लागते. बाहेरून पुसायला ५ टक्क्यांच्या हायपोचा एक भाग आणि पाण्याचे ९९, म्हणजे ५०० पीपीएम, रोज ताजं बनवलेलं. आधी रक्त पुसून काढायचं, कारण रक्तावर ओतलेलं क्लोरीन रक्तातच खर्च होतं. आणि हे सगळं आधीचा पेशंट खुर्चीतून उठून गेल्यावर. तो सुईची जागा दाबून बसलेला असताना मशीन पुसून पुढच्याचं प्रायमिंग (नळ्या भरून तयार करणं) लावणं ही घाई सर्रास दिसते.

हातमोज्यांबद्दल थोडक्यात: ते सिस्टरचे हात वाचवतात, पेशंटला वाचवतात ते बदलल्यावर. एका मशीनचं बटण दाबून तेच हात दुसऱ्याच्या कॅथेटरला लागले तर मोजे असून नसल्यासारखे. काढल्यावर हात धुवायचे किंवा सॅनिटायझर चोळायचा. कॅथेटरचं तोंड अँटिसेप्टिकने निदान १५ सेकंद घासायचं, वाळू द्यायचं, मगच जोडायचं.

शेवटचं, वेगळं मशीन. हिपॅटायटिस बी साठी ते हवंच, वेगळी खोलीही हवी, आणि त्या शिफ्टला तीच सिस्टर लस न झालेल्या पेशंटकडे नको. हा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस तग धरतो. हिपॅटायटिस सी मात्र मशीनमधून कमी आणि हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) सामाईक बाटलीतून, ट्रॉलीवरून, हातांवरून जास्त पसरतो. इंजेक्शनं स्वच्छ टेबलावर एकेका पेशंटसाठी भरायची, बाटली घेऊन खुर्च्यांमध्ये फिरायचं नाही. बी ची लस डायलिसिसच्या पेशंटला दुप्पट, ४० मायक्रोग्रॅम, बहुतेक वेळा ०, १, २ आणि ६ महिन्यांना. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण) १० च्या वर गेलं का ते बघायचं आणि मग दरवर्षी. आणि मशीन वेगळं असो वा नसो, प्रेशर मोजणाऱ्या नळीच्या टोकाला ट्रान्सड्यूसर प्रोटेक्टर नावाची छोटी चकती असते, ती रक्ताने भिजली तर लगेच बदलायची. मशीनच्या बाजूलाही ओल दिसली, तर ते डायलिसिस संपल्यावर टेक्निशियनने मशीन आतून उघडून तपासेपर्यंत ते कोणालाच लावायचं नाही, बाहेर कितीही मोठी रांग असली तरी.