फर्नला बारा महिने दोन वेळ पाणी? थांबा जरा

सोलापुरातल्या बागप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘फर्न सदाहरित असतं, म्हणून बाराही महिने सकाळ-संध्याकाळ पाणी घाला.’ हे चूक आहे. सदाहरित म्हणजे पानं वर्षभर टिकतात, तहान वर्षभर सारखी असते असं नाही.

आपल्याकडे घरोघरी दिसणारं नेफ्रोलेपिस फर्न तसं चिवट. त्याच्या एका जातीची कुंडी उपसून पाहा, मुळांच्या गुंत्यात बोरांएवढे केसाळ गड्डे लोंबताना दिसतील. त्यात पाणी साठलेलं असतं. नळाला उजनी धरणाचं पाणी चार दिवसांनी आलं तरी ही जात लगेच मरत नाही, ती यामुळेच.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा मात्र सकाळी रोज पाणी हवंच, लहान कुंडीला कधी संध्याकाळीही. कुंडी सावलीत हवी, नाहीतर कितीही ओता, पानं करपणारच. पावसाळ्यात बोट पेराएवढं मातीत खुपसायचं. ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा तीन-चार दिवसांआड पुरे.

मेसेजमध्ये आणखी एक आहे: ‘पानांची टोकं तपकिरी झाली की पाणी वाढवा.’ टोकं कोरड्या हवेनं करपतात, बोअरच्या क्षारांनीही. मातीवर पांढरा थर दिसला तर तेच पाणी वाढवून उलट क्षार वाढतील. साठवलेलं पावसाचं पाणी भरपूर ओता, तळातून वाहून जाऊ द्या. खालच्या ताटलीत साचलेलं पाणी मात्र लगेच फेका, मुळं कुजतात ती तिथूनच.