‘द नॅचरल्स’ या कादंबरीविषयी खुलासा

‘द नॅचरल्स ही सत्यकथा असून अमेरिकेची एफबीआय ही तपाससंस्था अल्पवयीन मुलांकडून गुन्हेगारांचा मनोवेध घेते, आता आपल्या मुलांचीही निवड होणार आहे,’ असा संदेश आमच्या दारव्हा तालुक्यातील पालकांच्या गटांत फिरत आहे. गेल्या रविवारी मीही तो न तपासता गावच्या वाचनालयाच्या गटात टाकला होता, त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

जेनिफर लिन बार्न्स यांची २०१३ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी संपूर्णपणे काल्पनिक आहे. लेखिका स्वतः मानसशास्त्राच्या अभ्यासक असल्याने त्यातील बारकावे खरे वाटतात, आणि मुलांना ते भावले यात गैर काहीच नाही. एफबीआयमध्ये गुन्हेगारांच्या वर्तनाचा अभ्यास करणारा विभाग १९७२ पासून आहे, हे खरे. परंतु तेथील विशेष अधिकारी होण्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व, पदवी आणि किमान २३ वर्षे वय लागते, असे एफबीआयच्या भरतीच्या अटींतच नमूद आहे.

परवा दहावीतली एक मुलगी कापूस वेचून मिळालेले पैसे रुमालाच्या गाठीत बांधून ‘निवड परीक्षेचा’ फॉर्म भरायला वाचनालयात आली, तेव्हा मला माझ्या चुकीचे गांभीर्य कळले. तिला मी सांगितले, की बारावी विज्ञानानंतर नागपूरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत न्यायसहायक विज्ञानाचे, म्हणजे गुन्ह्यांच्या वैज्ञानिक तपासाचे, रीतसर शिक्षण मिळते.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नये, आणि ज्यांनी पाठवला असेल त्यांनी त्याच गटात हा खुलासा टाकावा.