जवळजवळ सपाट

सायकलच्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते, हे ज्ञान मला वयाच्या ५४व्या वर्षी इटलीतल्या बारी गावात, हॉटेलच्या दारात, आठ अनोळखी माणसांदेखत मिळालं. गाइडने ते सगळ्यांना उद्देशून सांगितलं, पण बघत होता माझ्याकडे. या चड्डीला मागे गादी शिवलेली असते. ती घालून माणूस लंगोटातल्या बाळासारखा फेंगडा चालतो. मी फेंगडत वर गेलो, आतली काढली, फेंगडत खाली आलो. बायकोने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा कुजबुजत्या आवाजात म्हणाली, "अहो, उलटी घातलीय. गादी पुढे आलीय."

ही सहल म्हणजे आमच्या लग्नाच्या पंचविशीनिमित्त मुलीने दिलेली भेट. पुलिया प्रांत, म्हणजे इटलीच्या बुटाची टाच. बारीपासून समुद्राच्या कडेकडेने थेट टाचेच्या टोकाला लेउकापर्यंत, आठ दिवस, सायकलवरून. सोबत गाइड, सामान आणायला मागून गाडी आणि वाटेत 'स्थानिक खाद्यसंस्कृती'. रस्ता कसा आहे या रकान्यात लिहिलं होतं, 'जवळजवळ सपाट'. बायकोने बॅटरीची सायकल मागून घेतली. मी साधी. ऐंशीच्या दशकात पुण्यात शाळेला डबलसीट गेलेल्या माणसाला बॅटरी? त्यानंतर मी सायकलवर बसलो नव्हतो ही गोष्ट वेगळी.

पहिल्या दिवशी सायकल कमी आणि खाणं जास्त. बारीच्या जुन्या गावात किल्ल्यासमोरच्या कमानीखाली बायका दारात पाट मांडून ओरेकिएत्ते करत बसतात. ओरेकिएत्ते म्हणजे छोटे कान. रव्याच्या पिठाची वळी करायची, सुरीने कण्या पाडायच्या, एकेक कणी सुरीच्या बोथट धारेखाली ओढायची आणि अंगठ्यावर उलटी करायची. कान तयार. आमची मंडळी फोटो काढत होती, बायको मात्र पाटाकडे टक लावून उभी. "अहो, या तर नखुल्या!" लग्नघरात गव्हले, मालत्या, नखुल्या वळणाऱ्या बायकांत तिचं बालपण गेलंय. तिने त्या आजींकडे हातानेच 'मी करू?' अशी खूण केली. आजींनी कणी पुढे सरकवली. बायकोचा पहिला कान फाटला, दुसरा बरा आला, तिसरा आजींनी उचलून डोळ्यांजवळ नेला, मान डोलावली आणि सरळ आपल्या ढिगात टाकला. पंचवीस वर्षांत माझ्या कुठल्याही कौतुकाने बायको इतकी फुललेली मी पाहिली नाही.

बंदरावर वेगळाच प्रकार. तिथे कोळी ऑक्टोपस दगडावर आपटत होते. धोबीघाटावर चादर आपटतात तसा, दोन्ही हातांनी, मऊ होईस्तोवर. मग तो टोपलीत घोळवतात, त्याच्या तंगड्या कुरळ्या होतात आणि लोक तो तिथेच कच्चा खातात. गाइडने एक तुकडा माझ्यापुढे धरला. मी पोटावर हात ठेवून घरच्या भाषेत म्हणालो, "आज चतुर्थी आहे."

दुसऱ्या दिवशी 'जवळजवळ'चा अर्थ कळला. वाटेतलं पोलिन्यानो समुद्राच्या काठावर आहे आणि मुक्कामाचं आल्बेरोबेल्लो चारशे मीटर उंचीवर. हे चारशे मीटर 'जवळजवळ'मध्ये बसवले होते. चढावर माझ्या डावीकडून हॉलंडचे आजोबा गेले. वय ७१, साधी सायकल, शीळ घालत. उजवीकडून बायको गेली, गुडघे जेमतेम हलताहेत, एक हात सोडून फोटो काढतेय. "अहो, पाणी प्या हं," म्हणून वळणाआड गेली. मागून सामानाची गाडी माझ्याच वेगाने येत होती. दमलेल्यांना उचलायची सोय होती ती. पण तिचा तो शांत घुरघुराट ऐकून मला शववाहिकाच आठवत होती. मी काही गाडीत चढलो नाही.

आल्बेरोबेल्लोला पोचल्यावर मात्र सगळं विसरलो. टोप्या घातलेली पांढरी घरं, शेकड्यांनी. त्यांना त्रुल्ली म्हणतात. एकावर एक नुसते दगड रचलेले, चुना नाही, माती नाही. गाइड म्हणाला, इथल्या सरंजामदाराला नवं गाव वसवल्याचा कर नेपल्सच्या राजाला द्यायचा नव्हता. तपासनीस येतोय म्हटलं की गावकरी छपराचे दगड उतरवायचे, तो गेला की पुन्हा रचायचे. १७९७ साली राजाने गावाला रीतसर मान्यता दिली आणि १९९६ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. मी आमच्या सोसायटीचा माजी सचिव. गच्चीवरच्या शेडसाठी महापालिकेच्या तीन नोटिसा झेललेल्या. दगड रचायचं सुचायला हवं होतं.

खाण्याबद्दल तक्रार करणं पाप आहे, पण वेळापत्रकाबद्दल करतो. सकाळी दहाला दुकान उघडं दिसलं की फोकाच्चा, वर टोमॅटो दाबलेला, तेलाने थबथबलेला. साडेअकराला तराल्ली, म्हणजे बडीशेप घातलेली कडबोळीच, फक्त तळण्याऐवजी आधी उकळत्या पाण्यातून काढून मग भाजलेली. एकला जेवण. दुपारभर गाव कडेकोट बंद. या बाबतीत इटालियन माणूस आणि पुणेकर यांच्यात काडीचा फरक नाही. रात्रीचं जेवण साडेआठच्या आत मागणं असभ्यपणा, आणि बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी पैसे लावलेले. चौकशी केली तर ते बसायचे! म्हणजे ज्या अवयवाला आठ दिवस बसणं अशक्य झालं होतं, त्याच्या बसण्याचेही पैसे.

पण चव! सोललेल्या सुक्या बाकल्याच्या शेंगांतल्या दाण्यांचं पिठल्यासारखं आटवण आणि शेजारी कडसर पालेभाजी. वालाचं बिरडं घोटून त्यावर लसणीची फोडणी विसरलेली, इतपतच अंतर. लेच्चेत हरभरे आणि चपातीसारखी कापलेली पट्टी, तिच्यातली काही तळून वर टाकलेली. त्याला 'चीचेरी ए त्रिया' म्हणतात. आम्ही दोघांनी एकदम एकमेकांकडे पाहिलं आणि म्हणालो, "वरणफळं." फ्रिसेल्ला नावाचा दगडासारखा टोस्ट मात्र मी कडकडून चावला. गाइडने माझ्या हातातून काढून घेतला, वाटीतल्या पाण्यात बुडवला, मनात काहीतरी मोजलं, उचलला, टोमॅटो चोळला, तेल ओतलं. दाढेची फोडणी आधीच झाली होती.

ओस्तुनी गावाच्या वाटेवर गाइडने सायकली थांबवून कुंपणावरचं लाल बोंड दाखवलं आणि माझ्याकडे अभिमानाने पाहत म्हणाला, "फिको दिंदिया! भारताचं अंजीर. तुमचं!" बघतो तर फड्या निवडुंग. आता हा मूळचा मेक्सिकोचा. 'इंडिया' सापडला अशी ज्यांची समजूत होती त्यांनी इकडे आणला आणि नाव आमच्या माथी मारलं. हे इटालियनमध्ये कसं सांगणार? मी भारतातर्फे आभार मानून बोंड हातात घेतलं. कुसं दोन दिवस निघाली नाहीत. हँडल धरताना प्रत्येक वेळी मला कोलंबस आठवत होता.

लेच्चेच्या दक्षिणेला मात्र आमची बडबड आपोआप थांबली. मैलोन्‌मैल ऑलिव्हची झाडं, माणसाच्या कवेत न मावणाऱ्या बुंध्यांची, आणि सगळी करडी, वाळलेली. २०१३ साली इथे झायलेल्ला नावाचा जिवाणू सापडला. थुंकीसारखा फेस करणारा एक किडा तो झाडाझाडांत पसरवतो. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्याच बुजतात. लाखो झाडं गेली. गाइडच्या आजोबांची बागही त्यात गेली, एवढंच तो बोलला. बायकोचं माहेर दिवेआगर. ३ जून २०२०च्या चक्रीवादळानंतर ती सुपारीच्या आडव्या पडलेल्या वाडीत उभी होती तशीच इथे बांधावर उभी राहिली. मग तिने गाइडला सॅकमधली शेवटची तराल्ली दिली.

शेवटचा दिवस ओत्रांतो ते लेउका, पन्नासेक किलोमीटर. या भागात फ्रिजवर चिकटवायच्या चित्रांवर सुद्धा छापलेलं असतं, 'लु सुले, लु मारे, लु येंतु'. ऊन, समुद्र, वारा. पहिल्या दोहोंचे फोटो आमच्या माहितीपत्रकात होते. वाऱ्याचा फोटो येत नाही. तो दक्षिणेकडून, तोंडावर, अंगात वारं आल्यासारखा येत होता. पाय फिरत होते, सायकल जागच्या जागी. खाली कड्याला लागून निळंशार पाणी, सोळाव्या शतकातले टेहळणीचे बुरूज, सगळं म्हणे फार सुंदर होतं. मला पुढच्या चाकाचे आरे दिसत होते.

चोलोच्या पुलावर थांबलो. पोरं पुलावरून खाली समुद्रात उड्या मारत होती. मला त्यांचा हेवा वाटला, त्यांना नंतर चढ नव्हता. बायकोने पाण्याची बाटली दिली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, "घेता का माझी? कोणी बघत नाहीये."

मी आजूबाजूला पाहिलं. हॉलंडचे आजोबा पुढे गेले होते. गाइड फोनवर होता. पुणं बरंच लांब होतं. घेतली.

काय सांगू! पॅडलला पाय लावला मात्र, मागून कोणीतरी प्रेमाने पाठीवर हात ठेवावा तशी सायकल निघाली. गेले सात दिवस मी कोणाशी भांडत होतो? साधारण दोनशे मीटर मी देवमाणूस झालो. मग हँडलवरच्या पडद्यावर एक लाल बॅटरी लुकलुकली आणि पडदा काळा झाला. बाईसाहेबांनी ओत्रांतोपासून वारा लागतोय म्हणून 'टर्बो' लावून ठेवला होता. बॅटरी मेली की त्या सायकलीची गोणी होते, पंचवीस किलोची, आणि चढ आ वासून समोर.

मी उतरून ढकलायला लागलो. मागून सामानाच्या गाडीचा तो ओळखीचा घुरघुराट. आणि डावीकडून माझ्या हलक्या, साध्या सायकलवर, उभं राहून पॅडल मारत, लालबुंद चेहऱ्याने बायको पुढे गेली.

"अहो," ती वळून ओरडली, "आता जवळजवळ सपाटच आहे!"