थांब बे, आताच कसू नको

राजेहो, आमच्या दारव्ह्याकडच्या माणसाला ढिला नट पाहवत नाही. चक्कीचा असो, विहिरीवरच्या मोटरचा असो की दुसऱ्याच्या गाडीचा, तो खाली बसून दोन आटे फिरवल्याशिवाय पुढं जाणार नाही. अशा गावात मी ॲम्बेसेडर उघडून बसलो. 1984 ची मार्क फोर, मामाजींची, गोठ्यात कुटाराच्या ढिगाखाली वर्षानुवर्षं पडून होती. इंजिन झालं, ब्रेक झाले, वायरिंग उंदरांनी खाल्ली होती तीही झाली, त्याचं एवढं काही नाही, खरा जीव घेतला तो मागच्या कमानपाट्यांच्या, म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या, बोल्टांनी.

आता यात समजण्यासारखं एवढंच आहे की पाट्याच्या पुढच्या टोकाला गोल वेटोळं असतं, त्यात रबरी बुश आणि बुशातून बोल्ट. बोल्ट कसला की बुशाचा आतला भाग जागच्या जागी आवळला जातो, नंतर पाटा वरखाली होतो तो रबर पिळून, बुश गरगर फिरून नाही. म्हणजे गाडी जॅकवर आहे, चाकं खाली लोंबकळून राहिली आहेत, आणि तुम्ही तेव्हाच जोर लावून कसलं, तर गाडी खाली टेकवल्याबरोबर रबराला पीळ बसतो आणि उभ्या गाडीतही तो पीळ तसाच राहतो. वरून आपले रस्ते. थोड्याच दिवसांत बुश फाटतो आणि मागून कटकट सुरू होते. म्हणून वर असताना बोल्ट फक्त हातानं बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, मागून दाबून दाबून झुलवायची, पाटे आपल्या जागी बसले की मग कसायचे.

हे मी मिस्त्रीला नीट सांगितलं. त्यानं खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला आणि म्हणाला, "भाऊ, गाडी वर आहे तवाच कसून टाका ना. खाली उतरवल्यावर घुसान कुठून?"

प्रश्न बरोबर होता. गाडी टेकवली की खाली माणूस मावत नाही, निदान माझ्या पोटाचा तरी नाही. आमच्या गावात रॅम्प म्हणजे बैलगाडीत पोती चढवायची फळी. शेवटी रपट्याजवळची कोरडी नाली सापडली, दोन्हीकडची चाकं दोन्ही काठांवर आणि मधात मी. ढकलत ढकलत गाडी तिथं नेली, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले. मे महिना, सकाळचे दहाच वाजले होते पण पाना हातात धरवत नव्हता.

तेवढ्यात मिस्त्री बुशांना ग्रीस मारायला निघाला. कायले? "चोपडं राह्यते." अरे बाबा, रबर ग्रीसनं फुगते आणि नरम पडते, साबणाचं पाणी लाव. साबणाचं पाणी ऐकून तो असा काही हसला की मला माझ्याच शिक्षणाची लाज वाटावी. मग आट्यांना तेल. तेही नको, तेलानं घर्षण कमी होते आणि त्याच मापात बोल्ट जास्त ताणला जातो. "मंग काय लावू, हळद-कुंकू?"

तिसरी वस्तू पाईप. पान्यात मीटरभर पाईप घालून लटकायचं, ही आमच्याकडची कसण्याची अधिकृत पद्धत. साठ किलोचा माणूस मीटरभर पाईपवर लटकला तर जवळपास 600 न्यूटन मीटर जोर पडतो, एवढ्यात ट्रकच्या चाकाचे नट कसतात. माझ्याकडे नागपूरहून आणलेला टॉर्क रेंच, म्हणजे किती जोरानं कसायचं ते माप लावता येणारा पाना, होता, ज्याच्याबद्दल बायको अजूनही म्हणते, "अहो, एवढ्या पैशात कूलर आला असता."

आणि यात वजनाची भर. मी "चाकांवर वजन पाहिजे" म्हणालो ते गाडीच्या स्वतःच्या वजनाबद्दल. मिस्त्रीनं पारावरून तीन काकाजी आणून मागच्या सीटवर बसवले. बसले ते बसलेच. मी खाली नालीत उताणा, डोळ्यात गंजाचा भुसा, आणि वरून सोयाबीनच्या भावावर चर्चा, कोणत्या मंत्र्यानं काय म्हटलं होतं आणि काय दिलं. मधूनच दार उघडून एक लालभडक पिचकारी, अशी अचूक की माझ्या कानाजवळच्या शॅकलवर, म्हणजे पाट्याचं मागचं टोक धरणाऱ्या कडीवर. नवाच रंग दिला होता त्याला. "काकाजी, खाली माणूस आहे!" तर वरून शांतपणे, "आहे का? मले वाटलं मिस्त्री आहे."

त्यांना उतरा म्हणायची हिंमत नव्हती म्हणून शेवटी "जरा गाडीच्या बाहेर सावली पडली" असं खोटं सांगून पाहिलं, पण उपयोग झाला नाही. ते हलेपर्यंत यू-बोल्ट घेतले, एकेका बाजूला चार नट, थोडे थोडे, तिरप्या क्रमानं. यांचा रबराशी संबंध नाही, हे पाटे ॲक्सलला बांधून ठेवतात, आणि गाडी थोडी चालली की परत तपासावे लागतात.

दुपारी एकदाचे काकाजी चहाला उतरले. गाडी परत झुलवली, पाना लावला, ओढला. टिक.

"तुटला!" मिस्त्री ओरडला. तुटला नाही बाबा, माप भरलं की तो असाच वाजतो. मिस्त्रीचा विश्वास बसेना. चहा टाकून काकाजी परत आले, गर्दी जमली, प्रत्येकाला एकदा वाजवून पाहायचं होतं, मी नालीतून फक्त नाही नाही ओरडून राहिलो.

शेवटचा बोल्ट कसून बाहेर निघालो तर तिघं पुन्हा मागच्या सीटवर.

"झालं ना? मंग बसलोच आहो त दारव्ह्यापर्यंत चक्कर मारून आण."

"काकाजी, बॅटरी घरी चार्जिंगले लावली आहे."

"मंग उतारापर्यंत ढकल, पुढचं पाहून घेऊ."