क्रेप बँडेज हा पर्याय नव्हे
आपली लिंगओळख शोधणाऱ्या पोरांसाठीच्या एका लेखात म्हटलंय की गावात बाइंडर (छाती दाबून धरणारा घट्ट, बनियनसारखा कपडा) मिळत नसेल तर छाती सपाट दिसण्यासाठी क्रेप बँडेज गुंडाळलं तरी चालतं. अजिबात चालत नाही. ते मुरगळलेल्या घोट्यासाठी असतं. छातीभोवती ताणून बांधलं की हालचालीबरोबर आणखी आवळत जातं, श्वास पुरता घेता येत नाही, बरगड्या दुखावतात. पॅकिंगची चिकटपट्टी तर त्याहून वाईट, काढताना कातडी सोलून येते. त्यापेक्षा मापाची स्पोर्ट्स ब्रा, वर बनियन आणि गडद रंगाचा सैल शर्ट बरा. बाइंडर मागवायचाच तर छातीच्या सर्वांत रुंद भागावर टेप फिरवून, कंपनीच्या तक्त्याप्रमाणेच घ्यावा, एक साइज लहान नको. एकावर एक दोन नकोत. जास्तीत जास्त आठ तास, झोपताना आणि पळताना नाही, आठवड्यात एखाद-दोन दिवस सुट्टी. मुंग्या आल्या, धाप लागली, दुखलं की लगेच काढायचा.

एकत्र कुटुंबातली खरी अडचण बाइंडर वाळवण्याची. सगळ्यांच्या दोरीवर टाकता येत नाही, म्हणून पोरं ओलाच अंगात घालतात आणि कोकणातल्या दमट हवेत गजकर्ण होतं. धुतल्यावर कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबा, मग दोरीवर मोठ्या टॉवेलखाली पसरा. आणि हे सगळं करून पाहण्याआधी ‘मी नक्की कोण, मुलगा, मुलगी की आणखी काही’ हे ठरलेलं असण्याची काहीही गरज नाही.