उंदरांच्या ‘गाण्या’वर आलेल्या कमेंटला उत्तर

नमस्कार काका,

उंदीर आपल्याला ऐकू न येणारं ‘गाणं’ गातात या माझ्या लेखावरची आणि त्यातल्या रेकॉर्डिंगवरची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, पस्तीस वर्षं कापडाच्या मागावर काढली, गोदामात उंदीर काय कमी बघितले नाहीत, पण गाणंबिणं कधी ऐकलं नाही. माणसाला ऐकूच येत नाही ते रेकॉर्ड कसं झालं, कॉम्प्युटरवर बनवलेला आवाज लोकांच्या माथी मारू नका. आणि उंदीर बापाकडून गाणं शिकतो हे कुणी बघितलं, असे तुमचे मुद्दे. शेवटच्या मुद्द्यात तुमचंच बरोबर आहे म्हणून तो आधी घेते.

"बापाकडून शिकतो" हे मी लिहायला नको होतं. जन्मापासून बहिरे असलेले उंदीरसुद्धा जवळपास तसेच आवाज काढतात, आणि एका वाणाचं पिल्लू दुसऱ्या वाणाच्या आईबापांकडे वाढवलं तरी मोठं होऊन ते स्वतःच्या वाणासारखंच गातं, हे प्रयोगात दिसलंय. थोडंफार शिकत असावेत म्हणणारे शास्त्रज्ञही आहेत, पण पारडं जन्मजातकडेच जास्त झुकतंय. लेखातलं ते वाक्य आज दुरुस्त केलं, "उंदरांची भाषा" हा शब्दही काढला.

पण आवाज बनावट आहे हे मी मान्य करणार नाही. आपला कान फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंत (म्हणजे सेकंदाला 20 हजार कंपनं) ऐकतो, तेही तरुणपणी, आणि उंदराचे हे आवाज साधारण 30 ते 110 किलोहर्ट्झमधले. मोबाईल आवाजाचे सेकंदाला 48 हजार नमुने घेतो आणि नमुन्यांच्या निम्म्यापर्यंतचाच आवाज पकडता येतो, त्यामुळे 24 किलोहर्ट्झच्या वरचं त्याच्या हाती लागतच नाही. सेकंदाला अडीच लाख नमुने घेणारा माईक लागतो. 70 किलोहर्ट्झचा आवाज सोळा पट हळू केला की साडेचार किलोहर्ट्झच्या आत येतो आणि मग तो पाखरासारखा ऐकू येतो. हळू केलाय हे खरं, पण त्यात बाहेरचं काही घातलेलं नाही.

आणि मी हे नुसतं वाचून लिहिलेलं नाही. वटवाघळांवर काम करणाऱ्या मैत्रिणीकडून डिटेक्टर, म्हणजे असे आवाज आपल्याला ऐकू येतील असे करून देणारं यंत्र, आणलाय, तो चालतो का बघायला किल्ल्यांचा जुडगा त्याच्यासमोर हलवायचा, नुसता कडकडाट होतो, कारण किल्ल्यांच्या खुळखुळाटातही अल्ट्रासॉनिक, म्हणजे आपल्या कानापलीकडचा आवाज असतो आणि आपण जन्मभर त्यातला खालचाच भाग ऐकतो. मग रात्री ज्वारीच्या पोत्यांपाशी दिवा बारीक करून बसले. दीड वाजता एक उंदीर दुसऱ्याच्या शेपटीशी नाक लावून मागे मागे पोत्याच्या शिवणीवरून गेला, माझ्या कानाला पायांची खसखससुद्धा नाही आणि हातातला डिटेक्टर मात्र टक टक फुर्र करत राहिला. अंगावर काटा आला हो काका!

तुम्ही म्हणता ती चूं चूं वेगळी. उंदीर पकडला, दुखलं की ओरडतो तो आवाज आपल्याला ऐकू येतो, तो आपल्यासारखाच स्वरपट्ट्या थरथरून निघतो. अल्ट्रासॉनिक मात्र घशात हवेचा बारीक झोत सोडून शिट्टीसारखा काढतात, 2016 मध्ये हे दाखवलं गेलं. (आणि भिंतीच्या कडेने चुकचुकत पळते ती बहुतेक चिचुंद्री, ती उंदरांच्या कुळातली नाहीच.)

आता हे सगळं कशासाठी, तर घरट्यातून बाहेर पडलेलं पिल्लू गारठलं की अशी हाक मारतं आणि आई त्या हाकेवर जाऊन तोंडात धरून परत आणते. पिल्लांचे हे आवाज 1956 मध्येच जर्मनीतल्या त्सिपेलियस आणि श्लाइट या शास्त्रज्ञांनी नोंदवले होते. नराच्या आवाजाला ‘गाणं’ म्हणणं ही माझी हौस नाही, 2005 मध्ये होली आणि गुओ या शास्त्रज्ञांनी तपासलं तर मादीच्या मुताचा वास आला की नर काढतो त्या आवाजात ठरावीक स्वर ठरावीक क्रमाने परत परत येतात. मादी तेव्हा गप्पच असते असं बरीच वर्षं धरून चालले, 2015 मध्ये अनेक माईक लावून कुठला आवाज कुणाचा हे वेगळं केलं तेव्हा पाठलागात तीही बोलते हे कळलं. तोंड उघडं दिसत नाही, दोघं नाकाला नाक लावून, मग कळणार तरी कसं?

तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त पटायला पाहिजे. आमचे आजोबा मागावर होते, डबा द्यायला गेले की खट्याक खट्याकमध्ये मला काही ऐकू यायचं नाही, पण ते आणि शेजारचे मामा ओठांवरून, भुवईवरून अख्ख्या गप्पा मारायचे. मला वाटायचं दोघं गप्प उभे आहेत.

प्लगमधलं उंदीर पळवायचं मशीन लावून उपयोग झाला नाही म्हणालात, तो होतही नाही फारसा, त्याच त्या आवाजाला ते सरावतात, आणि असला आवाज पोत्याआड पोचतही नाही.

डिटेक्टर अजून पंधरा दिवस माझ्याकडे आहे. तुमच्या गोदामात घेऊन येते, फक्त माग बंद असेल अशी रात्र सांगा, लोखंडावर लोखंड आपटलं की किल्ल्यांसारखाच कडकडाट होतो आणि मग त्यात उंदीर सापडायचे नाहीत.